हुशारीला कायद्यात जागा हवी

लोणी हे आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. आंबेगाव म्हटलं की डिंभे धरण, घोड नदी, मंचरची बाजारपेठ आणि उसाची हिरवी शेतं डोळ्यांपुढे येतात. लोणी-धामणीचा पट्टा मात्र या चित्रात बसत नाही. इथली शेती पावसाच्या भरवशावर असते आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही चिंता असते. जुन्नर-आंबेगावातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटासाठी मुंबईला गेली. कुणी डबे पोचवले, कुणी बाजारात ओझी उचलली. मागे राहिलेल्या घरांतली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. त्यांच्यातल्या विलक्षण हुशार मुलांचं पुढे काय होतं, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा-वीस वर्षं काढलेल्या कुठल्याही गुरुजींना किंवा बाईंना विचारा. दोन-चार वर्षांतून एखादं तरी असं मूल हाताखालून जातं, की त्याला शिकवताना आपल्यालाच तयारी करून यावं लागतं. समजा, चौथीतली एक मुलगी सहावीची गणितं तोंडी सोडवते आणि पुस्तकात नसलेली रीत स्वतः शोधून काढते. शाळा दोनशिक्षकी आहे. एका बाईंकडे दोन-तीन वर्ग आहेत. त्यातल्या निम्म्या मुलांना अजून सलग वाचता येत नाही आणि पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांना माहिती भरून द्यायची आहे. बाई त्या मुलीला काय देणार? बहुतेक वेळा तिला लहान मुलांचा अभ्यास घ्यायला बसवलं जातं. ती ते आनंदाने करते. पण तिची स्वतःची भूक तशीच राहते आणि आठवीपर्यंत ती भूक लागायचीच बंद होते. यात बाईंचा दोष नाही. या मुलीसाठी काही करणं हे आज कायद्याने कुणाचंच काम नाही, आणि या पुस्तिकेचं सगळं म्हणणं या एका वाक्यातून निघतं.

आता कुणी म्हणेल, शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नवोदय विद्यालयं आहेत, एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. अजून काय हवं? या योजनांबद्दल मला आदर आहे. पन्नासच्या दशकापासून चालत आलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेने महाराष्ट्राच्या खेड्यांत अभ्यासाची एक परंपराच उभी केली. पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी जादा तास घेणारे शिक्षक, निकालाच्या दिवशी गावात वाटले जाणारे पेढे, फळ्यावर वर्षभर राहिलेली नावं हे सगळं त्या परीक्षेचं देणं आहे. पण तिच्याच इतिहासाकडे नीट पाहू. ती चौथी आणि सातवीला होती. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा चौथीपर्यंतच असल्याने तयारी करून घेणारे हात आणि परीक्षेला बसणारं मूल यांची ताटातूट झाली. 2025 मध्ये परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षानुवर्षं नाममात्र होती. 2023 मध्ये ती पाचवीसाठी वर्षाला 5000 आणि आठवीसाठी 7500 रुपये झाली. हे सगळं शासन निर्णयाने झालं. जे शासन निर्णयाने येतं ते शासन निर्णयाने जाऊही शकतं.

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचं तसंच झालं. 1963 पासून चालत आलेली, देशाला कित्येक शास्त्रज्ञ देणारी ही योजना. तिची मंजुरी 31 मार्च 2021 पर्यंत होती. ती पुढे वाढवली गेली नाही आणि परीक्षा स्थगित झाली. दाद कुठे मागणार? मूल हुशार असणं हा कुणाचा हक्क नव्हता, त्यामुळे तो हिरावला गेला असंही म्हणता आलं नाही. 10 ऑक्टोबर 2019 रोजी बंगळूरच्या इस्रोमधून सुरू झालेल्या ‘ध्रुव’ कार्यक्रमात देशभरातून 60 मुलं निवडली होती. एवढ्या मोठ्या देशात 60.

नवोदय ही यातली सर्वांत भक्कम व्यवस्था. 1985-86 मध्ये प्रयोग म्हणून उघडलेल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक हरियाणात झज्जरला होती आणि दुसरी आपल्या अमरावतीला. किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, राहणं-जेवण-पुस्तकं मोफत, अशी तिची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिक्रापूरला आहे. बेल्हे-जेजुरी रस्त्याने लोणीहून पाबळ करत तिथे जाता येतं. पण सहावीच्या जागा साधारण 80 आणि जिल्ह्यातले तालुके डझनाहून जास्त. जी मुलं पहिल्या 80 मध्ये येत नाहीत ती काही अचानक सामान्य होत नाहीत. आणि जी जातात त्यांची मूळ शाळा, ज्या शाळेने त्यांना घडवलं, ती आणखी रिकामी होते.

महाराष्ट्राने स्वतःही असा प्रयत्न केला होता. ग्रामीण भागातल्या गुणी मुलांसाठी साठच्या दशकात शासकीय विद्यानिकेतनं निघाली. औरंगाबादच्या विद्यानिकेतनाला वि. वि. चिपळूणकरांसारखे प्राचार्य लाभले, जे पुढे राज्याचे शिक्षण संचालक झाले. पुसेगाव, धुळे, अमरावती इथल्या विद्यानिकेतनांतूनही खेड्यातली मुलं मोठ्या पदांपर्यंत गेली. पुण्यात 1962 मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, आणि बुद्धिमत्ता ही एकच एक गोष्ट नसून तिला अनेक अंगं असतात, ती मोजता आणि वाढवता येतात, या भूमिकेवर मानसशास्त्रीय काम उभं केलं. म्हणजे कसं करायचं याचं ज्ञान आपल्याकडे साठ वर्षांपासून आहे. ते पुण्याच्या सदाशिव पेठेतून लोणीच्या शाळेपर्यंत पोचवण्याची सक्ती तेवढी कुणावर नाही.

इथे एका जुन्या साक्षीची आठवण करणं मला अत्यंत गरजेचं वाटतं. 1882 मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाची त्यांची मागणी सर्वांना माहीत आहे. शिष्यवृत्त्यांबद्दल ते काय म्हणाले, हे मात्र कमी सांगितलं जातं. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत वरवर न्याय्य दिसली, तरी ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यात ते पसरवायला तिचा उपयोग होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी ठेवाव्यात, असं त्यांनी सुचवलं. एवढ्या वर्षांनंतरही हा आक्षेप तितकाच खरा आहे. आज परीक्षेत पुढे कोण येतं? ज्याच्या घरी गाईड विकत घ्यायला पैसे आहेत, ज्याला मंचर किंवा नारायणगावच्या क्लासला सोडायला दुचाकी आहे, ज्याचे आई-वडील ओएमआर पत्रिकेचा सराव घेऊ शकतात. डोंगराकडच्या आश्रमशाळेतलं महादेव कोळी समाजाचं मूल, कळपामागे हिंडणाऱ्या मेंढपाळाचं मूल, साखर कारखान्याच्या हंगामात तांड्याबरोबर आलेलं मूल त्या रांगेत उभंच राहू शकत नाही. लोणीसारख्या गावातही अडचणी साध्या असतात. बिबट्याच्या भीतीने संध्याकाळचा जादा तास ठेवता येत नाही आणि वाडीवरच्या मुलीला सर्वांत आधी घरी पाठवावं लागतं.

म्हणून या पुस्तिकेतली मागणी ‘आणखी एक परीक्षा घ्या’ अशी नाही. ती परीक्षेच्या अगदी उलट बाजूने सुरू होते. परीक्षा मुलाला सांगते, तू इथपर्यंत ये. आम्ही म्हणतो, शाळेने मुलापर्यंत जावं, त्याच्यात काय आहे ते शोधावं आणि त्याला लागेल ते द्यावं, आणि हे तिचं कायदेशीर कर्तव्य असावं.

गंमत वाटेल, पण याचं बी आपल्या कायद्यात आधीच पेरलेलं आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 अभ्यासक्रमाबद्दल बोलताना मुलाचं ज्ञान, त्याच्या सुप्त क्षमता आणि त्याची प्रतिभा यांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख करतं. कलम 24 शिक्षकावर जबाबदारी टाकतं, की त्याने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी आणि त्याप्रमाणे लागेल ते जादा शिक्षण द्यावं. ही दोन्ही कलमं आजवर फक्त मागे पडलेल्या मुलांच्या संदर्भात वाचली गेली. ते योग्यच होतं, पण पुरेसं नव्हतं. ज्याची शिकण्याची क्षमता वर्गाच्या पुढे आहे, त्यालाही जादा शिक्षण ‘लागतं’. कलम 13 प्रवेशाच्या वेळी चाळणी लावायला मनाई करतं, आणि ती मनाई राहिलीच पाहिजे. पण प्रवेश मिळालेल्या मुलाची विशेष क्षमता ओळखायला त्या कलमाची काहीच आडकाठी नाही. हा फरक अधिकाऱ्यांशी बोलताना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

अडचण अशी, की कर्तव्य सांगितलं आणि साधन दिलं नाही. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर. लोणी-धामणीच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांनी हा शंभराचा आकडा कुठून आणायचा? लहान शाळेत संगीताचा कान असलेलं, चित्राचा हात असलेलं, यंत्र उघडून पुन्हा जोडणारं मूल जन्माला येत नाही, असं तर नाही ना?

यंत्रावरून पाबळची आठवण होते. लोणीच्या शेजारचंच गाव. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली मुलं वेल्डिंग करता करता भूमिती शिकली, शेततळं मोजता मोजता गणित शिकली. हुशारीची व्याख्या आपण किती अरुंद करून ठेवली आहे, हे कलबागांनी हातात हत्यारं देऊन दाखवलं. त्यामुळे उद्या कायद्यात ‘विशेष क्षमता’ हा शब्द आलाच, तर त्याचा अर्थ गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी एवढाच राहता कामा नये. पाबळचा अनुभव त्या व्याख्येत उतरला पाहिजे. दुसऱ्या दिशेला, जुन्नर तालुक्यात खोडदला, 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणींची जीएमआरटी उभी आहे. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यासाठी वेळ मागतात. विज्ञानदिनाला तिथे शाळांची गर्दी होते, मुलांचे डोळे विस्फारतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या दुर्बिणी आणि पंचक्रोशीतलं आकाशवेडं मूल यांच्यामध्ये कुठला रस्ता आहे? 2025 मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका या संस्थेच्या मदतीने आपल्या शाळांतल्या मुलांची निवड करून काहींना अमेरिकेत नासा आणि काहींना इस्रो दाखवायला नेलं. साध्या घरांतली ही मुलं विमानात बसली, याचा मनापासून आनंद झाला. ते करणाऱ्या अधिकाऱ्यांचं आणि शिक्षकांचं कौतुक आहे. अधिकारी मात्र बदलून जातात. नंतर येणाऱ्याने ते चालू ठेवायलाच हवं, असं बंधन कुठेही लिहिलेलं नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभा असलेल्या मुलांसाठी वेगळे परिच्छेद दिले आहेत. शिक्षकांच्या बी.एड. मध्ये या विषयाचं विशेष प्रशिक्षण, शाळा-संकुल ते जिल्हा पातळीपर्यंत विषयवार मंडळं, प्रादेशिक भाषांत ऑलिंपियाड असं बरंच चांगलं त्यात आहे. धोरण दिशा दाखवतं. न्यायालयात उभं राहून त्याच्या आधारे काही मागता येत नाही. इतर देशांनी हा टप्पा ओलांडला. अमेरिकेने 1988 मध्ये अशा मुलांच्या शिक्षणासाठी जाविट्स कायदा केला. दक्षिण कोरियाने 2000 मध्ये प्रतिभावान मुलांच्या शिक्षणाला चालना देणारा स्वतंत्र कायदा केला. त्यांची नक्कल आपल्याला करायची नाही. कोरियातल्या मुलांवर क्लासचा आणि स्पर्धेचा जो भार आहे, तो पाहिला तर उलट सावधच व्हावं लागतं.

आपल्यासाठी धडा घरातच आहे. दुष्काळात माणसाला काम मिळावं म्हणून वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक छोटा प्रयोग केला. त्या प्रयोगातून योजना झाली. 1972 च्या दुष्काळात ती लाखो माणसांच्या कामी आली. पण पागे आणि त्यांचे सहकारी योजनेवर थांबले नाहीत. 1977 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला. काम मागणं हा हक्क झाला, आणि 2005 मध्ये देशाने तोच विचार उचलला. गावातला प्रयोग, मग योजना, मग कायदा, मग देश, हा रस्ता महाराष्ट्राने एकदा चालून दाखवलेला आहे. दुष्काळी पट्ट्यातल्या लोणीला तर रोजगार हमी म्हणजे काय हे समजावून सांगायची गरजच नाही.

कायद्याला वेळ लागतो, हे मान्य करून चालावं लागेल. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक 1911 मध्ये मांडलं. पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं. देशभर हक्क म्हणून ते शिक्षण मिळायला जवळजवळ शतक गेलं. मात्र तेवढी वाट पाहायला नको. शाहू महाराजांनी 1917 मध्ये, गोखल्यांचं विधेयक पडल्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून टाकलं. ज्याच्या हातात जेवढा अधिकार आहे तेवढा त्याने वापरला, तर दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

राज्याच्या हातात आज काय आहे, याचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत तपशिलाने आलं आहे आणि वाचकांनी ते सावकाश वाचावं. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे विधिमंडळ स्वतःचा कायदा करू शकतं. त्याच्याही आधी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या 2011 च्या नियमांत दुरुस्ती. कलम 38 ने तो अधिकार राज्य शासनाला दिलेला आहे. त्या दुरुस्तीत प्रत्येक शिक्षकाने वर्षातून एकदा वर्गातल्या मुलांच्या विशेष क्षमतांची नोंद करावी, आणि ती एका लेखी परीक्षेवर नव्हे तर वर्षभराच्या निरीक्षणावर असावी. एका केंद्रप्रमुखाकडच्या सर्व शाळांसाठी मिळून या कामाचं प्रशिक्षण घेतलेला एक फिरता शिक्षक असावा. तो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी लोणीला, धामणीला, वस्तीशाळेला जाईल. एखाद्या मुलीला गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसू द्यावं आणि बाकीचे तास तिच्या मैत्रिणींबरोबर असावेत. मुलांची, मुलींची, आदिवासी आणि स्थलांतरित मुलांची किती नोंद झाली, याचा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा; म्हणजे फुल्यांनी दाखवलेली जुनी चूक पुन्हा होते आहे का, ते कळेल. आणि नोंद होऊनही काही मिळालं नाही तर पालकाने कुणाकडे जायचं, हे नावानिशी लिहिलेलं असावं. माझ्या मते यातली शेवटची तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे. दाद मागता आली नाही तर बाकीचं सगळं पुन्हा परिपत्रक होऊन जाईल.

या मागणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप टाळून चालणार नाही. पाचवीच्या कित्येक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, असं ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे अहवाल सांगत आले आहेत. अशा वेळी हुशार मुलांची चिंता कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि बहुतेक वेळा तो तळमळीच्या शिक्षकांकडूनच येतो. त्यांना माझं सांगणं एवढंच, की सरकारी शाळेतलं हुशार मूल हे बहुतेक वेळा गरिबाचं मूल असतं. श्रीमंताच्या हुशार मुलाला कायद्याची गरज नसते. त्याच्यासाठी वडिलांचा खिसा असतो. मुंबईत अनवाणी शाळेत जाणारे रघुनाथ माशेलकर महिना 60 रुपयांच्या टाटा शिष्यवृत्तीवर शिकले. भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांच्या मदतीने 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाता आलं. ही उदाहरणं आपण अभिमानाने सांगतो. त्यातलं भय आपल्याला जाणवत नाही. ती शिष्यवृत्ती मिळाली नसती तर? तो महाराज दुसरा असता तर? किती जणांच्या बाबतीत तसंच झालं असेल, त्यांची नावं कुठेच नाहीत. शिवाय फिरता शिक्षक आला, प्रयोगाचं साहित्य आलं, नोंद ठेवायची सवय लागली, की त्याचा फायदा सगळ्या वर्गाला होतो. मुलाकडे एकेक करून पाहायला शिकलेला शिक्षक मागच्या मुलालाही जास्त नीट पाहतो.

पालकांनाही एक विनंती आहे. आपलं मूल विशेष आहे, हे सिद्ध करण्याची ही चळवळ नाही. तसं झालं तर ती महिनाभरात क्लासवाल्यांच्या हाती जाईल. गावातल्या कुठल्याही घरात असं मूल असू शकतं, आणि बहुधा ज्या घरातून शाळेच्या सभेला कुणी येत नाही तिथेच ते असण्याची शक्यता आपण धरून चाललं पाहिजे.

विधिमंडळापर्यंत जायचे मार्ग साधे आहेत आणि ते सर्वांना खुले आहेत. आमदारांमार्फत तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अशासकीय विधेयक. विनंती अर्ज समितीकडे अर्ज. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेले सात सदस्य आहेत. शिक्षकांच्या वेतनाचे आणि पेन्शनचे प्रश्न ते मांडतात आणि मांडावेत. त्यांच्याकडे हा प्रश्नही तितक्याच हक्काने घेऊन गेलं पाहिजे. पण या सगळ्याला जोर येतो तो गावाच्या ठरावाने. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, त्यावर ग्रामसभेचा ठराव, असे शंभर-दोनशे ठराव एका तालुक्यातून गेले तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं अवघड असतं.

ठरावाचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे. त्यात आपल्या गावाचं आणि शाळेचं नाव घालायचं आहे, एवढंच. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात तो मांडा, मंजूर करून घ्या, आणि त्याची एक प्रत आपल्या आमदारांना, एक शिक्षक आमदारांना आणि एक जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीला पाठवा.